आधी काट्याची परीक्षा

चिंगीची आत्या साडेनऊला येणार होती आणि सव्वानऊलाच आली. तिचं आयुष्यभर असंच चाललं होतं. जन्मालासुद्धा ती तीन आठवडे आधी आली आणि तेव्हापासून या घरातल्या बाकी सगळ्यांना उशीर होत आला, असं आजोबा म्हणत. मुलींच्या निवासी क्रीडाशाळेत ती मुख्य प्रशिक्षिका होती. गळ्यात शिट्टी नसली तरी ती आहेच असं समोरच्याला वाटे.

"अण्णा, चहा नंतर. आधी वजन," दारात चपला काढता काढता ती म्हणाली.

"अगं, श्वास तरी घे," आजोबा म्हणाले.

"माझा चालूच आहे. आपण इथे दुसऱ्याच कोणाच्या तरी श्वासासाठी जमलोय."

आजोबा कसनुसं हसले. रविवार असल्यामुळे दुकान बंद होतं. भिंतीला टांगलेली पारडी, मांडणीवर ओळीने लावलेली पितळी वजनं, कोपऱ्यातली कानस आणि तेलाची बुधली, सगळं रोजच्या जागी होतं. मधोमध तो मोठा दांडीचा काटा उभा होता. आजोबांच्या वडिलांनी बनवलेला, धान्याच्या पोत्यांपासून घरातल्या पोरांपर्यंत सगळ्यांना तोलून झालेला. या घराण्याने तीन पिढ्या दुसऱ्यांचे काटे दुरुस्त केले होते आणि या एका काट्याच्या जोरावर केले होते. पण आज आजोबांना त्याच्याकडे बघवत नव्हतं, कारण काल दुपारी सगळे वर झोपले असताना त्यांनी एक उद्योग करून ठेवला होता.

काट्याच्या दांडीवर एक वजन पुढेमागे सरकतं. ते जिथे दांडीला समतोल आणतं, तिथला आकडा वाचायचा. त्या सरकत्या वजनाच्या पोटात एक पोकळी असते, तिच्यात शिसं भरून वर सरकारी शिक्का मारलेला असतो. आजोबांनी तो शिक्का काढला, पोकळीत चाळीस ग्रॅम शिसं जास्तीचं कोंबलं, मग बाजूचा स्क्रू फिरवून रिकामा काटा पुन्हा शून्यावर आणला. आता साठ किलोचा माणूस वर उभा राहिला तर काटा साडेसत्तावन्नाच्या पुढे जेमतेम जाणार होता. याला धंद्यात काटा मारणं म्हणतात. पंचावन्न वर्षांत त्यांनी असे मारलेले काटे शेकड्याने पकडले होते आणि दुकानदारांना चारचौघांत फाडफाड बोलले होते. काल मात्र कुंपणानेच शेत खाल्लं.

हे सगळं नातीसाठी. जन्मली तेव्हा सव्वादोन किलोची होती, छोट्या पारड्यात मावली होती, म्हणून आजोबांनीच तिला चिंगी म्हणायला सुरुवात केली. आता बाराव्या वर्षी चिंगी बासष्ट किलोची होती आणि वर्गात तिला 'टाकी' म्हणत. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा कागद बघून स्पष्ट सांगितलं होतं, यकृतावर चरबी साठायला लागली आहे, साखर काठावर आहे, आत्ता हलली नाही तर पुढे औषधं हिला हलवतील. पोहायला घातलं तर पोहण्याच्या कपड्यांत पोरींनी फोटो काढला. मैदानावर घातलं तर पहिल्याच दिवशी पळताना मागून कोणीतरी भूकंप झाल्याचा आवाज काढला. त्यानंतर ती घराचा जिनासुद्धा मोजून चढायला लागली. बावीस पायऱ्या, आणि मध्ये दोनदा थांबा.

मग धाकट्या काकाने तो खेळ आणला. तो संगणक दुरुस्त करायचा आणि घरात फक्त उचलली जीभ लावली टाळ्याला एवढंच काम करतो अशी त्याची ख्याती होती. पण हे काम त्याने मनापासून केलं. मागच्या खोलीतले मोडके काटे हलवून जागा केली, टीव्ही लावला, चिंगीच्या हातात दोन कांड्या दिल्या. कांड्यांना हाताची हालचाल कळायची. पडद्यावरून ठोकळे चालून यायचे, त्यांना ठोसे मारायचे, भिंत आली की खाली वाकायचं, दरी आली की उडी. खोलीचं दार लावून घेता यायचं आणि आत बघणारं कोणी नव्हतं.

त्यावर आत्याने आठ आठवड्यांपूर्वी याच दुकानात उभं राहून निकाल दिला होता. "टीव्हीने जाड झालेल्या पोरीला तुम्ही टीव्हीनेच बारीक करणार? बरं. आठ आठवडे देते. वजन साठच्या खाली आलं तर मी तोंडातून ब्र काढणार नाही. नाही आलं तर नव्या सत्राला ती माझ्या शाळेत, माझ्या वसतिगृहात. कबूल?"

बाबा म्हणजे चिंगीचे वडील या थोरल्या बहिणीसमोर नेहमीच मूग गिळून बसत, तेव्हाही बसले. आईने रागाने वर जाऊन दार आपटलं. 'कबूल' म्हणाली ती एकटी चिंगी.

आठ आठवडे आजोबांनी तिला जवळून पाहिलं होतं. शाळेतून आली की पाऊण तास, सुट्टी नाही. पण त्यांची नजर वजनावर तयार झालेली, नुसतं बघून ते पोत्यात किती माल आहे ते सांगत. पोरगी तेवढीच दिसत होती. वसतिगृहात सामायिक न्हाणीघर असेल, चाळीस मुली असतील, आणि कोणीतरी पुन्हा भूकंपाचा आवाज काढेल. त्या विचाराने त्यांची झोप उडाली होती. शेवटी त्यांनी कानस आणि शिसं हातात घेतलं.

"चिंगे, ये खाली!" आत्याने जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

चिंगी आली. मागोमाग आई आली, पदराला हात पुसत, चेहरा लढाईला निघाल्यासारखा. बाबा आणि काका आधीच वजनांच्या मांडणीला टेकून उभे होते.

"ताई, आधी एक सांगते," आई म्हणाली. "आकडा काहीही येवो, माझी मुलगी हसायला लागली आहे. ते कुठल्या काट्यावर मोजणार तुम्ही?"

"वहिनी, हसणारी माणसंही आजारी पडतात."

"आणि रडणारी बरी होतात का?"

"आता तुम्ही दोघी खेळता का ठोसे? कांड्या आणू?" काका म्हणाला.

"तू गप बस," दोघी एकदमच म्हणाल्या. गेल्या कित्येक महिन्यांत नणंद-भावजयींचं एकमत झालेली ही एकच गोष्ट होती.

चिंगी काट्याच्या फळीवर चढून सरळ उभी राहिली. आजोबांनी दांडीवरचं वजन सरकवायला घेतलं. बासष्ट. एकसष्ट. साठ. दांडी अजून खालीच होती. त्यांनी अजून थोडं अलीकडे घेतलं, तशी दांडी हळूच उचलली आणि मधोमध तरंगली.

"एकोणसाठ किलो दोनशे," आजोबा म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

काकाने एवढ्या जोरात टाळी वाजवली की वरची पारडी हलली. आईने दोन्ही हात तोंडावर घेतले. बाबांना काय करावं ते कळेना, त्यांनी काकाचीच पाठ थोपटली. आत्याने मात्र पुढे वाकून आकडा स्वतः वाचला, मग मान हलवली.

"वाचता येतं मला. एकोणसाठ दोनशे. हरले मी," ती म्हणाली आणि हात पुढे केला. "शाबास, पोरी."

चिंगीने हात धरला नाही. ती अजून फळीवरच उभी होती, कपाळाला आठी घालून दांडीकडे बघत.

"आजोबा, चाळीस ठेवायचे राहिले."

हा त्यांचाच नियम होता. आधी काट्याची परीक्षा, मग मालाची. कोणालाही तोलायच्या आधी वीस-वीस किलोची दोन तपासलेली वजनं फळीवर ठेवायची, काटा बरोबर चाळीस दाखवतो का ते बघायचं आणि मगच पुढचं. प्रत्येक वाढदिवसाला पोरांना तोलताना ते हे करत, पोरं कंटाळून पाय आपटेपर्यंत. आज त्यांनी ते मुद्दाम गाळलं होतं आणि आनंदात कोणाच्या लक्षात येणार नाही असं धरून चालले होते.

"राहू दे गं आता," ते म्हणाले. "वर्षानुवर्षांचा काटा आहे. चल, आई चहा टाकेल."

"तुम्हीच म्हणता ना, जुन्या काट्याला जास्त तपासायचं?"

"चिंगे, आला ना आकडा? मग कशाला उगाच..." आई म्हणाली.

पण चिंगी उतरली होती. मांडणीच्या खालच्या कप्प्यातून तिने वीसचं पहिलं वजन दोन्ही हातांनी उचललं, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, आणि फळीवर आणून ठेवलं. परत गेली, दुसरं आणलं. बाबा मदतीला पुढे झाले तर तिने मानेनेच नाही म्हटलं. मग दांडीवरचं वजन चाळीसवर नेलं. दांडी दणकन खाली बसली. तिने एकेक खाच मागे घेत आणलं. साडेअडतीसला दांडी समतोल झाली.

"दीड किलो खातोय," बाबा पुटपुटले. ते काट्याच्याच धंद्यात वाढलेले, त्यांचा हात आपोआप सरकत्या वजनाकडे गेला. त्यांनी ते काढून उलटं केलं. ताज्या शिशाचा चकाकता डाग, आणि शिक्का जागेवर नाही. त्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. आजोबांना त्या नजर वळवण्याचाच जास्त त्रास झाला.

"मीच केलं," आजोबा म्हणाले. "काल. दुसऱ्या कोणाला माहीत नाही."

"अण्णा!" आत्या एवढंच म्हणाली. लहानपणी याच दुकानात एका वाण्याने काटा मारला म्हणून त्यांनी त्याला हाकलून दिलेलं तिने पाहिलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

आईचा राग मात्र वेगळ्याच वाटेने आला. "करायचंच होतं तर निदान नीट तरी करायचं होतं! आता काय सांगायचं? माझ्या पोरीने काटा मारला असं होणार!"

"तिने कुठे मारला? तिने तर पकडला," काका म्हणाला.

"पकडायची काय गरज होती?" बाबा कधी नव्हे ते चढ्या आवाजात मुलीला म्हणाले. "जिंकली होतीस ना?"

"बाबा, दुसऱ्या आठवड्यात मी काय केलं होतं माहितेय?" चिंगी म्हणाली. चेहरा लाल झाला होता, पण आवाज हलत नव्हता. "खुर्चीवर बसून नुसती मनगटं हलवली तरी कांड्या गुण देतात. दोन दिवस मी बसूनच खेळले. खूप गुण झाले. आजोबांनी खिडकीतून बघितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, मशीनला फसवणं सोपं असतं गं, पण काटा मारला की माल कधी खरा कळत नाही. मग मी ते दोन दिवस पुसून टाकले आणि पहिल्यापासून उभी राहिले. आता मीच कशी मारलेल्या काट्यावर जिंकू?"

आजोबा खाली स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली, सरळ साधी लाज, लहान मुलाला वाटते तशी.

बाबांनी कानस घेतली, जादा शिसं खरवडून काढलं, स्क्रू फिरवून काटा पुन्हा शून्यावर आणला. वीस अधिक वीस, बरोबर चाळीस. चिंगी पुन्हा फळीवर चढली. या वेळी दांडी बाबांनी धरली.

"एकसष्ट किलो सहाशे."

चारशे ग्रॅम. आठ आठवड्यांत चारशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम पेरूंएवढं.

"मी कबूल म्हटलं होतं," चिंगी म्हणाली. "नव्या सत्राला येते तुझ्याकडे. पण आत्या, तो खेळ बरोबर घेऊन येऊ दे. मी सोडणार नाही."

आजोबांना वाटलं आपण उठून काहीतरी बोलावं, पण आता बोलायला तोंड कुठे उरलं होतं? त्यांनी आत्याकडे बघितलं. ती आकड्याकडे बघतच नव्हती. तिची नजर त्या वीस किलोच्या वजनांवर होती.

"हे तू आणलंस, मांडणीपासून इथवर. दोन फेऱ्या," ती म्हणाली. "आणि लगेच बोलायला लागलीस. धाप लागली नाही तुला."

"नाही लागली."

"चल. दाखव तुझा टीव्ही."

मागच्या खोलीत पाच माणसं जेमतेम मावली. दाराशी आजोबा उभे राहिले, आत जायचं धाडस त्यांना झालं नाही. आधी चिंगी सगळ्यांसमोर खेळायला अडली. आजवर दार लावूनच खेळली होती. तिने एकदा आईकडे पाहिलं, कांड्या घट्ट धरल्या आणि पडद्याकडे तोंड केलं.

ठोकळे यायला लागले. डावा ठोसा, उजवा ठोसा, खाली वाक, उडी. पहिल्या गाण्याला ती बिचकत होती, दुसऱ्याला तिला खोलीतल्या माणसांचा विसर पडला. वेणी पाठीवर आपटत होती, फरशी दणदणत होती, आणि त्या दणदणाटाला कोणीही नाव ठेवत नव्हतं. तिसरं गाणं संपलं तशी आत्याने पुढे होऊन तिचं मनगट पकडलं, घड्याळ बघत नाडी मोजली. एक मिनिट थांबून पुन्हा मोजली. तिचा चेहरा कसलेल्या माणसाचा झाला होता, वाचणारा.

"परत एकदा," ती म्हणाली. "आणि कांड्यांची दुसरी जोडी असेल तर ती मला दे."

"ताई, जपून," काका म्हणाला. "यात शिट्टी चालत नाही."

आत्या पहिलं गाणं दिमाखात खेळली, दुसऱ्याला घामाघूम झाली. तिसऱ्याच्या मध्यावर तिने एका हाताने गुडघा धरला, कारण वय पन्नाशीकडे झुकलेलं होतं आणि गेली दोन वर्षं ती मुलींना मैदानाच्या कडेवरूनच पळवत होती. चिंगी थांबली नाही. धापा टाकत, केस कपाळाला चिकटलेले, ती शेवटच्या ठोकळ्यापर्यंत गेली.

"कोपर खाली पडतंय तुझं," आत्या धापेतून म्हणाली. "आणि वाकताना कमरेतून वाकतेस, गुडघ्यातून नाही. तुझ्या मशीनला ते कळत नाही, मला कळतं." मग ती तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. "चूक माझी झाली रे. तीस वर्षं मुली तयार करते मी. वाढत्या पोरीचं हृदय बघायचं असतं, दम बघायचा असतो, आठ आठवड्यांत वजन उतरवा असं कोणी शहाणं माणूस म्हणत नाही. हे मला माहीत होतं. तरी या दुकानात पाय टाकला की मी काट्याचीच भाषा बोलते. या घरात दुसरं काही खरं मानायचंच नाही ना!"

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे वहिनी, नाडी एका मिनिटात झरझर उतरली तिची. माझ्या शाळेतल्या निम्म्या नव्या मुलींची उतरत नाही. ती इथेच राहील. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं खाणंपिणं पाळायचं, रक्त पुन्हा तपासायचं, आणि दर रविवारी मी येणार. कोपर सुधारायला." ती चिंगीकडे वळली. "पण एक दिवस मैदानावर यायचं. उघड्यावर. त्याला सुटका नाही."

चिंगीने विचार केला. "येईन. पण कधी ते मी सांगणार."

"किती दिवसांनी सांगशील?"

"माहीत नाही. पण सांगेन."

"बाबा रे," आत्या भावाला म्हणाली, "तुझी मुलगी तुझ्यावर गेलेली नाही, एवढं बरं झालं."

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा ताईला उलट उत्तर दिलं. "माझ्यावरच गेली आहे. मला फक्त कोणी कांड्या दिल्या नाहीत." आणि आई त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू लग्नानंतर आत्ता ओळख होत होती.

सगळे चहाला वर गेले. आजोबा मागे राहिले. बिनशिक्क्याचा काटा वापरायचा नाही हा कायदा होता, म्हणून त्यांनी खडूने पुठ्ठ्यावर 'नादुरुस्त' लिहिलं आणि तो पुठ्ठा वडिलांच्या काट्याला स्वतःच्या हाताने बांधला. उद्या वजनमाप तपासनिसांच्या कचेरीत जाऊन, काय केलं ते तोंडाने सांगून, नवा शिक्का मागायचा होता. सुतळीची गाठ नीट बसत नव्हती.

चिंगी जिन्यात थांबली होती. ती खाली आली आणि तिने गाठीवर बोट धरलं. त्यांनी सुतळी ओढली.

"आजोबा."

"बोल."

"तुम्हाला वाटलं होतं ना, मला जमणार नाही?"

त्यांना पटकन तीन-चार उत्तरं सुचली. तुझ्या काळजीपोटी केलं. म्हातारपणी बुद्धी फिरली. सगळी गोड होती आणि सगळ्यांत थोडं थोडं शिसं होतं.

"हो," आजोबा म्हणाले. "वाटलं होतं."

चिंगीने गाठीवरचं बोट काढून घेतलं.

"मलाही रोज वाटायचं," ती म्हणाली. "तरी मी उभी राहायचे."

मग ती वर निघाली. आजोबा खाली उभे राहून तिची पावलं ऐकत राहिले, एक, दोन, तीन, अशी बावीसपर्यंत, आणि ती मध्ये कुठेही थांबली नाही.